इमोबिलायझर असलेल्या मोटारसायकलची एक किल्ली हरवली आहे. दुसरी कशी करून घ्यावी?

टिळकवाडीकर

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे होंडाची सीबी ५०० एक्स ही मोटारसायकल असून ती मी कोल्हापूरच्या एका गृहस्थांकडून जुनी विकत घेतली आहे. गाडीवर अजून एमएच ०९ चाच क्रमांक आहे. तिकडचे ना-हरकत प्रमाणपत्र हाती आले आहे, पण बेळगावच्या आरटीओकडील नोंदणीचे काम अद्याप पूर्ण व्हायचे आहे. अशातच जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे गेलो असताना भर पावसात खिशातली किल्ली कोठेतरी पडली आणि घरून दुसरी किल्ली मागवून गाडी परत आणावी लागली. आता माझ्याजवळ ती एकच किल्ली उरली आहे.

खडे बाजाराच्या बाजूला किल्ल्या करून देणाऱ्या एकाने सांगितले, "किल्ली कापून देतो, पण त्या किल्लीने गाडी सुरू होणार नाही." एका मेकॅनिकचे म्हणणे असे की इमोबिलायझर (ओळखीची किल्ली नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) वायरिंगमधूनच काढून टाकावा, म्हणजे कटकट मिटेल. एका मित्राने तर संपूर्ण ईसीयू, म्हणजे इंजिनचे नियंत्रण करणारा छोटा संगणक, बदलावा लागेल असे सांगून मला घाबरवून सोडले आहे, कारण त्या भागाची किंमत माझ्या आवाक्यातली नाही. यांपैकी खरे काय आहे? शिवाय हरवलेली किल्ली कोणाच्या हाती लागली, तर तिचा उपयोग करून गाडी नेता येईल का? पूर्वीच्या मालकांनी मला दोन किल्ल्या दिल्या होत्या, मात्र किल्लीच्या क्रमांकाची धातूची पट्टी त्यांच्याकडेही नव्हती.

उद्यमबागचा फिटर

टिळकवाडीकर, आपल्याजवळ एक चालू किल्ली आहे, तेव्हा ईसीयूची चिंता आज तरी सोडून द्या. मात्र ही एक किल्लीही गेली, तर आपल्या मित्राने सांगितलेली गोष्ट खरी ठरेल, म्हणून दुसरी किल्ली करून घेण्याचे काम पावसाळा संपेपर्यंत लांबणीवर टाकू नका.

आपल्या किल्लीत दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आहेत आणि बाजारात मिळणाऱ्या उलटसुलट उत्तरांचे कारण तेच आहे. पहिली गोष्ट म्हणजे किल्लीचे पाते. त्यावरील खाचा जुळल्या की इग्निशन लॉक फिरते, हँडल लॉक सुटते, पेट्रोलच्या टाकीचे झाकण आणि सीटही उघडते. दुसरी गोष्ट म्हणजे किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात बसवलेली ट्रान्सपॉन्डर चिप. या चिपला बॅटरी नसते. इग्निशन लॉकभोवती तारेचे एक वेटोळे बसवलेले असते. किल्ली फिरवली की त्या वेटोळ्यात निर्माण होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला तेवढ्यापुरती ऊर्जा मिळते आणि ती आपला संकेत परत पाठवते. हा संकेत ईसीयूमध्ये नोंदलेल्या संकेताशी जुळला, तरच इंधनाचा फवारा आणि ठिणगी यांना परवानगी मिळते. होंडाच्या या व्यवस्थेला एचआयएसएस म्हणतात. किल्ली चालू करून इंजिनचे लाल बटण चालू स्थितीत ठेवल्यावर मीटरमधील एचआयएसएसचा दिवा काही सेकंद लागून विझला, म्हणजे किल्ली ओळखली गेली; तो लागलेलाच राहिला, म्हणजे ओळखली गेली नाही. खडे बाजारातील माणसाने आपल्याला जे सांगितले ते अगदी प्रामाणिक उत्तर होते. तो पाते कापून देऊ शकतो, पण ईसीयूमध्ये नवी चिप नोंदवणे त्याच्या यंत्राचे काम नाही.

नोंदणी कशी होते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण पैसे वाया जातात ते याच टप्प्यावर. अधिकृत केंद्रात एक ॲडॉप्टर गाडीच्या वायरिंगला जोडतात, आधीच नोंदलेली एक किल्ली लावून ईसीयूला नोंदणीच्या स्थितीत आणतात आणि मग नवी किल्ली लावतात. होंडाच्या या व्यवस्थेत एका गाडीला जास्तीत जास्त ४ किल्ल्या नोंदता येतात. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की या वेळी जी किल्ली समोर हजर नसते, तिची जुनी नोंद रद्द होते. ज्यांच्या घरी कपाटात आणखी एखादी किल्ली पडून असते, ते ती नेण्याचे विसरतात आणि चार दिवसांनी ती किल्ली चालत नाही म्हणून केंद्राशी वाद घालतात. आपल्या बाबतीत मात्र हाच नियम फायद्याचा आहे, कारण घाटात पडलेल्या किल्लीचा संकेत त्यामुळे आपोआप बाद होईल.

हरवलेल्या किल्लीने गाडी नेता येईल का, या प्रश्नाचे उत्तर अर्धे "नाही" असेच आहे. नव्या नोंदणीनंतर त्या किल्लीने इंजिन सुरू होणार नाही, पण तिचे पाते तेच असल्यामुळे हँडल लॉक, टाकी आणि सीट हे सारे उघडेल, आणि हँडल सुटलेली गाडी टेम्पोत चढवणाऱ्याला इंजिनाची गरज नसते. किल्लीबरोबर घराचा पत्ता किंवा गाडीचा क्रमांक लिहिलेली की-चेन नसेल, तर चोर्ल्याच्या झाडीत पडलेल्या किल्लीवरून कोणी टिळकवाडीत येईल असे मला वाटत नाही. तशी की-चेन असेल, तर लॉकचा पूर्ण संच बदलण्याचा विचार अवश्य करा.

शहापूरचा रायडर

एवढा खटाटोप कशाला करायचा, असा मला प्रश्न पडतो. साध्या कापलेल्या किल्लीबरोबर उरलेल्या किल्लीतील चिप काढून ती इग्निशन लॉकच्या वेटोळ्याजवळ कायमची चिकटवून ठेवली की गाडी कोणत्याही साध्या किल्लीने सुरू होते. माझ्या ओळखीच्या एकाने असेच केले असून त्याची गाडी व्यवस्थित चालते आहे.

उद्यमबागचा फिटर

शहापूरचे रायडर, आपण सांगता ती युक्ती चालते हे मी नाकारत नाही. पण तसे केल्यावर आपली महागडी गाडी आणि कोपऱ्यावरची एखादी स्प्लेंडर यांत चोराच्या दृष्टीने काही फरक उरत नाही. शिवाय यांची एकच चिप शिल्लक आहे. ती प्लास्टिकमधून काढताना तडकली, तर पुढची नोंदणी करण्यासाठी ओळखीची किल्लीच उरणार नाही आणि मग खरोखरच नव्या किल्ल्यांसह नवे ईसीयू बसवावे लागेल. शेवटची चालू किल्ली हा प्रयोगाचा विषय नव्हे.

चिपची नक्कल करून देणारे कारागीर आता मोठ्या शहरांत आहेत, हेही येथे नोंदवतो. मोटारी आणि मोटारसायकलींमध्ये वर्षानुवर्षे वापरली गेलेली हिटॅग-२ ही संकेतपद्धती भेदता येते, हे २०१२ साली संशोधकांनी जाहीरपणे दाखवले, आणि तशा चिपची प्रत काढणारी यंत्रे बाजारात मिळतात. कुशल माणूस उरलेली किल्ली न उघडता तिची प्रत काढून देतो आणि ती चालतेही. पण नक्कल केलेली किल्ली ईसीयूच्या दृष्टीने जुनीच किल्ली असते, त्यामुळे काहीही नवीन नोंदले जात नाही आणि हरवलेल्या किल्लीची नोंद तशीच जिवंत राहते. यांच्या प्रसंगात मला ते पटत नाही.

मित्राच्या सल्ल्याचा उगमही बहुधा दुसऱ्या कंपनीच्या गाडीत असावा. यामाहाच्या इमोबिलायझर असलेल्या गाड्यांना दोन काळ्या किल्ल्यांबरोबर लाल डोक्याची एक वेगळी किल्ली देतात, जी केवळ नोंदणीसाठी असते. ती लाल किल्ली हरवली तर काळ्या किल्ल्यांनी गाडी चालत राहते, मात्र नवी किल्ली नोंदता येत नाही आणि तशी गरज पडल्यास संपूर्ण इमोबिलायझर व्यवस्था बदलावी लागते. होंडाच्या एचआयएसएसमध्ये अशी लाल किल्ली नाही. नोंदलेली कोणतीही किल्ली ते काम करते.

निपाणीचा वाचक

तांत्रिक बाजू वर उत्तम रीतीने आली आहे, म्हणून मी केवळ कागदपत्रांविषयी लिहितो, कारण सीमेवर राहणाऱ्यांचे घोडे तेथेच अडते. आमच्या निपाणीत तर एका घरातील दोन गाड्यांवर दोन राज्यांचे क्रमांक असणे ही रोजची गोष्ट आहे.

अधिकृत केंद्र नव्या किल्लीची मागणी नोंदवताना गाडी आपलीच आहे याची खात्री करून घेते, आणि तसे करणे योग्यच आहे. आपल्या नावावर आरसी नसेल, तर पूर्वीच्या मालकांच्या नावाची आरसी, विक्रीचे नमुना २९ आणि नमुना ३० हे अर्ज, ना-हरकत प्रमाणपत्र आणि आपले ओळखपत्र हे सारे सोबत न्या. एवढ्यावर काम झाले नाही, तर पूर्वीच्या मालकांकडून सहीचे एक संमतिपत्र घ्यावे लागेल. कोल्हापूर काही लांब नाही. मात्र मूळ उपाय नोंदणी पूर्ण करणे हाच आहे. दुसऱ्या राज्यातील गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे येथील क्रमांक घ्यावा लागतो, आणि आपल्या हाती ना-हरकत प्रमाणपत्र असताना ते काम अर्धवट ठेवण्यात काहीच अर्थ नाही. केए २२ चा क्रमांक आणि आपल्या नावाची आरसी आली की किल्लीचे, विम्याचे आणि पुढे गाडी विकण्याचे असे सगळेच मार्ग सोपे होतात.

किल्ली हरवल्याची नोंद पोलिसांकडे अवश्य करा. कर्नाटक राज्य पोलिसांच्या ॲपवर हरवलेल्या वस्तूची नोंद घरबसल्या करता येते. ठाण्यात जाऊन लेखी अर्ज देणार असाल, तर तो कन्नडमध्ये लिहून नेलेला बरा, काम लवकर होते. अर्जात गाडीचा क्रमांक, चेसिस क्रमांक, किल्ली हरवल्याची तारीख आणि अंदाजे जागा लिहावी. ही नोंद विम्यासाठी लागते. उद्या दुर्दैवाने गाडी चोरीला गेली, तर विमा कंपनी बहुतेक वेळा मूळच्या दोन्ही किल्ल्या मागते आणि एकच किल्ली दाखवणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते. अशा वेळी हरवल्याच्या नोंदीची प्रत आणि नव्या किल्लीची केंद्राने दिलेली पावती हे दोन कागद उत्तर म्हणून पुरतात, म्हणून ते विम्याच्या कागदांबरोबरच ठेवावेत. काही पॉलिसींमध्ये किल्ली आणि लॉक बदलण्याचा खर्च देणारे जादा कवच असते, तेव्हा खर्च करण्यापूर्वी आपली पॉलिसी एकदा वाचून पाहा.

टिळकवाडीकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. की-चेनवर पत्ता किंवा क्रमांक काहीही नव्हते, त्यामुळे लॉकचा संच बदलण्याचा विचार सोडून देतो. हरवल्याची नोंद ॲपवर करून तिची प्रत काढून ठेवली आहे. नोंदणीचा अर्ज आता पुढे सरकवतो आणि केंद्राकडे किल्लीची मागणीही नोंदवतो. क्रमांकाची पट्टी नसताना केंद्र पाते कशावरून कापणार, एवढे मात्र मला समजलेले नाही. नवी किल्ली येईपर्यंत हीच एक किल्ली वापरावी लागणार आहे, तर पावसाचे पाणी लागून तिची चिप बिघडेल का, हेही कृपया सांगावे.

उद्यमबागचा फिटर

पट्टी नसली तरी उरलेल्या किल्लीवरून पाते कापता येते, फक्त कोऱ्या किल्लीचा प्रकार बरोबर हवा. आपली किल्ली कडेने दातेरी असेल, तर ती साध्या यंत्रावरही कापली जाते; पात्याच्या मधोमध नागमोडी चर कोरलेला असेल, तर त्यासाठी वेगळे यंत्र लागते आणि गल्लीतील प्रत्येकाकडे ते नसते. केंद्राने चिप बसवलेली कोरी किल्ली मागवून पाते बाहेर कापून घेण्यास सांगितले, तर त्यात वावगे काही नाही. मात्र किल्ली आधी कापून घ्या आणि मग नोंदणीला न्या, कारण न फिरणारी किल्ली नोंदता येत नाही.

पावसाने चिप सहसा बिघडत नाही, कारण ती बंदिस्त असते. तिला धोका असतो तो आपटण्याचा आणि डोक्याच्या प्लास्टिकला तडा जाण्याचा. या किल्लीच्या कडीत दुसऱ्या एखाद्या गाडीची चिप असलेली किल्ली अडकवू नका, कारण दोन्ही संकेत एकमेकांत मिसळतात आणि एचआयएसएसचा दिवा लागलेलाच राहतो. तसे झाल्यास घाबरून टोइंगवाल्याला बोलावण्यापूर्वी दुसरी किल्ली दूर ठेवून पुन्हा एकदा प्रयत्न करून पाहावा. गाडी बंद केल्यानंतर हाच दिवा अधूनमधून लुकलुकताना दिसला, तर ती बिघाडाची खूण नसून पहारा चालू असल्याची खूण आहे. सुमारे २४ तासांनी तो आपोआप थांबतो.

नोंदणी झाल्यावर केंद्रातून निघण्यापूर्वी दोन्ही किल्ल्या वेगवेगळ्या तपासून घ्या. एक किल्ली तपासताना दुसरी मित्राच्या हाती देऊन त्याला दूर उभे करा. प्रत्येक किल्लीने इंजिन सुरू करून पाहा, हँडल लॉक लावून सोडा आणि टाकीचे झाकण व सीट उघडून पाहा. नवीन पाते इग्निशन लॉकमध्ये सहज फिरते, पण टाकीच्या झाकणात अडते, असे बऱ्याचदा घडते, आणि ते तेथल्या तेथे घासून घेतले तर वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत.