मदत हवी आहे: ठोके मोजायला छातीचा पट्टा की दंडावरचा?

मंडळी, वय ४७. आठवड्यातून तीन दिवस तळजाईवर पळतो, रविवारी सिंहगड. डॉक्टरांनी ठोके १४० च्या आत ठेवायला सांगितलंय आणि तिथेच घोडं अडलंय. मनगटावरचं घड्याळ चालताना ठीक असतं, पळायला लागलो की थेट १७० दाखवतं. थांबून मानेवर बोटं ठेवून मोजले तर जेमतेम १३२! बहुधा पावलांचा ताल धरून बसतं ते, कारण माझी पावलंही मिनिटाला १७० च्याच आसपास पडतात.

छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, म्हणून जास्त अचूक, हे पटतं. मित्राचा दोन दिवस वापरला. आतली बाजू ओली करून बांधल्यावर आकडे चोख आले, पण तासाभरात बरगड्यांखाली काचायला लागलं. (बायको म्हणते, पोट कमी करा, आपोआप सैल होईल.)

दंडावर बांधायचा पोलर व्हेरिटी सेन्स कुणी वापरलाय का? त्यातही मनगटावरच्या घड्याळासारखा प्रकाशाचाच सेन्सर. मग चढावर, घामात, जुलैच्या पावसात आकडे खरे येतात का? की मऊ कापडाचा छातीपट्टाच शोधू? फोनला ब्लूटूथने जोडता यावा, एवढीच अट.