मदत हवी आहे : रूट की जानेवारीतच बनवली, आता ऑडिट मागच्या तारखेचं मिळेल का?

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, घर रामबागेत, नोकरी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत. पतसंस्थांची कामं करतो. दिवाळीपासून आमच्या साहेबांच्या डोक्यात एकच : एसएसएल सर्टिफिकेटं (साइट खरी असल्याचे डिजिटल दाखले) दुसऱ्याकडून का घ्यायची, आपणच ती देणारी सर्टिफिकेट अथॉरिटी (सीए) होऊ.

जानेवारीत एचएसएम (डिजिटल किल्ल्या सांभाळणारं सुरक्षित यंत्र) आणलं. एका संध्याकाळी साहेब, मी आणि नेटवर्कवाला पोरगा असे तिघे बसलो, रूट की (सगळ्या सर्टिफिकेटांच्या मुळाशी असणारी सहीची किल्ली) तयार केली, पेढे वाटले. आता फायरफॉक्स आणि क्रोम ज्यांच्यावर विश्वास ठेवतात त्या यादीत आमची रूट घालायला गेलो तर ऑडिटशिवाय पान हलत नाही. साहेबांनी लगेच टॅक्सवाल्या काकांना फोन लावला, "सीएचं ऑडिट आहे, तुम्हीच करून टाका." काका विचारतायत, बॅलन्सशीट कधी पाठवता? (हसू नका.)

आमच्याकडे आयएसओ २७००१ (माहिती-सुरक्षेचं प्रमाणपत्र) आहे, ते चालेल का? आणि जानेवारीच्या कीचं ऑडिट आता करून घेता येईल का? एचएसएमचं बिल मीच पास करून घेतलंय, म्हणून जीव टांगणीला.

कुलूपकिल्ली :
आयएसओ पुरत नाही. ब्राउझरवाले वेबट्रस्टचं (सीएंसाठीच्या खास निकषांचं) ऑडिट मागतात, नाहीतर ईटीएसआय या युरोपातल्या मानक संस्थेच्या निकषांवरचं. गंमत म्हणजे तुमचे साहेब अगदीच चुकले नाहीत. वेबट्रस्ट चालवते कॅनडाची सीपीए संस्था, म्हणजे हिशेबनीसांचीच बिरादरी. पण फर्म त्या संस्थेचा परवाना असलेली लागते. काकांना त्रास देऊ नका.

जानेवारीची की मात्र विसरा. सीए-ब्राउझर फोरमच्या (सर्टिफिकेट अथॉरिटी आणि ब्राउझरवाले यांच्या मंचाच्या) बेसलाइन रिक्वायरमेंट्स या नियमांप्रमाणे रूट की तयार करताना प्रत्येक पायरीची लेखी स्क्रिप्ट हवी, ऑडिटर समोर हवा किंवा सगळ्याचं व्हिडिओ रेकॉर्डिंग हवं, आणि वर ऑडिटरचा अहवाल. फायरफॉक्सवाल्या मोझिलाला तर की जन्मल्यापासून ती मोडीत निघेपर्यंत ऑडिटची साखळी अखंड लागते. बारशाला आलेला माणूस "जन्माच्या वेळी मी हजर होतो" असं लिहून देईल का? एचएसएम फिप्स (अमेरिकी सरकारी सुरक्षा-मानक) लेव्हल ३ चं असेल तर वाया गेलं नाही. त्यावरच नवी की बनवा, या वेळी साक्षीदारांसह.

त्यानंतर आधी पॉइंट-इन-टाइम ऑडिट, म्हणजे तयारी आहे का एवढंच बघतात. पहिलं सार्वजनिक सर्टिफिकेट दिलं की ९० दिवसांत पूर्ण ऑडिट. पुढे दरवर्षी, आणि दोन कालावधींमध्ये एक दिवसही मोकळा सोडायचा नाही. अहवाल कालावधी संपल्यापासून तीन महिन्यांत जाहीर करायचा.

धागाकर्ता :
साहेब आता म्हणतात, मग आयटी कायद्याखालचं लायसन्सच काढू. सरकारी शिक्का असला की ब्राउझर मुकाट्याने मानेल.

बडोदेकर ताई :
नाही रे बाबा. त्या लायसन्सचं ऑडिट वेगळं, ब्राउझरचं वेगळं. जुलै २०१४ आठवतं का? एनआयसीच्या (केंद्र सरकारच्या माहिती केंद्राच्या) इंटरमीजिएट, म्हणजे रूटखालच्या मधल्या सर्टिफिकेटवरून गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाली होती. वर रूट होती भारताच्या कंट्रोलरची, म्हणजे आयटी कायद्याखाली सीएंना लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याची, सरकारी शिक्क्यासकट. ती मायक्रोसॉफ्टच्या यादीत होती म्हणून विंडोजवरचा क्रोमही त्या रूटला मानत होता. फायरफॉक्सच्या यादीत नव्हतीच, म्हणून तो वाचला. पुढे क्रोमने त्या रूटला ठरावीक भारतीय डोमेनपुरतंच बांधून ठेवलं.

आणि साहेबांना एक विचार, सर्टिफिकेटं लागणार कुणाला? पतसंस्थांच्या आतल्या मशिनींना असतील तर स्वतःची रूट त्या मशिनींवर बसवा, ब्राउझरवाल्यांचं ऑडिट लागणार नाही. बाहेरच्या साइटला लेट्स एन्क्रिप्ट ही सीए फुकट सर्टिफिकेट देते. त्यांनीसुद्धा २०१५ मध्ये सुरुवात केली ती आयडेनट्रस्ट या आधीच यादीत असलेल्या सीएच्या क्रॉस-सहीवर, म्हणजे तिने दिलेल्या हमीवर. त्यांची स्वतःची रूट सगळ्या मोठ्या यादींत पोचायला २०१८ उजाडलं.

धागाकर्ता :
ताई, कुलूपकिल्ली, दोघांचे आभार. आतल्या मशिनींचा पर्याय साहेबांना पटतोय असं वाटतंय. फक्त साहेब जाता जाता विचारत होते, व्हिडिओ नाही पण पेढे वाटतानाचा फोटो आहे, त्यात एचएसएम दिसतंय, चालेल का?