ओढ्यात पॅरा गवत माजलंय, मुळासकट कसं काढायचं? (शिरोळ, जि. कोल्हापूर)

मळीकाठ:
राम राम मंडळी. शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या अंगाला आमची मळी आहे. खालचं आठ गुंठे रान कायम दलदलीत, वर मीठ फुटलेलं, ऊस तिथं पिवळाच पडायचा. दारात पाच म्हशी आणि वैरण विकतची. म्हणून 2020 च्या पावसाळ्यात पॅरा गवताच्या दोन भारे कांड्या आणून मी चिखलात रोवल्या. वैरण म्हणून नाव ठेवायला जागा नाही. गुडघाभर पाण्यात वाढतं, महिना-दीड महिन्यात पुन्हा कापायला येतं.

2021 च्या महापुरात पाणी रानावरून गेलं आणि कांड्या ओढ्यात गेल्या. आज पाऊण किलोमीटर ओढा गवताखाली आहे, पाणी दिसतच नाही. पावसात पाणी तुंबून वरच्या शेजाऱ्यांच्या उसात चढतं. ओढा जिथं मिळतो त्या तळ्यात देवभात (म्हणजे रानटी भात), लव्हाळा, कमळाची पानं असायची. पानांवरून कमळपक्षी चालायचा. दोन वर्षांत एकदाही दिसला नाही. लावलं मी, भोगतायत सगळे, हे मनातून जात नाही.

एकदा जेसीबी लावला. दीड महिन्यात होतं त्याहून दाट आलं. तणनाशक नको, त्याच पाण्यावर म्हशी जातात आणि पोरं मासे धरतात. कुणी हे गवत खरोखर घालवलंय का?

हिरवीपेंडी:
ताई, आधी पॅराच आहे ना ते बघा. पेराच्या गाठीवर दाट पांढरी लव असते, कांडी आतून पोकळ, जमिनीवर लोळत जाते आणि टेकेल त्या गाठीला मुळं फुटतात. बी फारसं धरत नाही, पसरतं ते तुकड्यातुकड्याने. जेसीबीने एका वेलाचे शंभर तुकडे केले आणि शंभर ठिकाणी लागण झाली, एवढंच घडलं.

नाव ब्राझीलमधल्या पारा प्रांतावरून पडलं असलं तरी गवत मूळचं आफ्रिकेतलं. गुरांची वैरण म्हणून माणसानेच ते देशोदेशी नेलं.

पाणपाखरू:
तळ्याचं वाचून वाईट वाटलं. ऑस्ट्रेलियात काकाडू राष्ट्रीय उद्यानाच्या पाणथळीत याच गवताने तिथला रानभात दडपला. मॅग्पाय गूज नावाचा मोठा पाणपक्षी त्या भातावर जगतो. शिवाय उन्हाळ्यात वाळलेलं पॅरा तिथल्या मूळ गवतापेक्षा जास्त भडकून जळतं, म्हणून पेटवून द्यायचा विचार करू नका.

म्हशींना मात्र ओढ्यात सोडा. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात 1982 मध्ये चराई बंद केली आणि पास्पालम जातीचं पाणगवत इतकं वाढलं की पक्ष्यांना मोकळं पाणी उरेना. गवत वेगळं, पण म्हशी ते आटोक्यात ठेवत होत्या हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासातून पुढे आलं. पॅरालाही सतत बुडापर्यंतची चराई सोसत नाही. फक्त ओढ्याला गावचं सांडपाणी येत असेल तर तिथलं गवत जनावरांना देऊ नका.

पाणंदकर:
आमच्या पाणंदीच्या चरातलं काढायला दोन उन्हाळे लागले. ताई, थोडं कडू बोलतो, राग मानू नका. ओढा साफ करायच्या आधी तुमचं आठ गुंठे रान मोकळं करायला लागेल. बेणं तिथं आहे. ते ठेवलंत तर पुढच्या पुरात सगळा खटाटोप वाया.

पाणी उतरलं की एप्रिल-मेमध्ये वरच्या टोकापासून खाली या. खालून सुरुवात केली तर वरचे तुकडे वाहत येऊन साफ केलेल्या जागी रुजतात. आधी विळ्याने कापून भारे बाहेर, मग कुदळीने मुळं. काम चालू असताना खालच्या बाजूला ओढ्यात बांबू आडवे बांधून जाळी लावा, वाहणारी कांडी तिथं अडते. काढलेलं काठावर टाकू नका, ओल लागली की पुन्हा धरतं. आम्ही मुरमाच्या टेकाडावर पसरून कडकडीत वाळवलं. मग पावसाळ्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी फेरी, दिसेल तो कोंब उपटायचा. फेऱ्या चुकवल्या की पहिल्यापासून सुरू.

आणि काठाला करंज, जांभूळ, उंबर लावा. हे गवत उन्हाचं आहे. ऑस्ट्रेलियातल्या ऊसपट्ट्यातल्या ओढ्यांवर गर्द सावली केली तेव्हा पॅरा दबलं. तुमच्याकडे वेळ लागेल, पण कायमचा इलाज तोच.

मळीकाठ:
राग कसला दादा. खरं सांगायचं तर रानातलं गवत काढावं लागेल हे मलाही कळत होतं, वैरणीपायी टाळत होते. आज घरी बोलणं झालं, काढायचं ठरलंय. वरचे दोन शेजारी माणसं द्यायला तयार आहेत. आमच्या भागात क्षारपड रानाला सच्छिद्र पाइप घालून निचरा करतात, तसं केलं तर त्या आठ गुंठ्यांत पुढे साधी वैरण घेता येईल. पण पाइपचं पाणी शेवटी त्याच ओढ्यात सोडायचं, म्हणजे ओढा आधी मोकळा हवा.

एक विचारायचं राहिलं. तळ्यात देवभाताचे चार-पाच ठोंब काठाला अजून तग धरून आहेत. आजूबाजूचं पॅरा उपटताना ते हलणार. आधी काढून दुसरीकडे जगवावेत, की तिथंच ठेवून भोवतीचं हाताने निवडावं? कुणी देवभात जगवला असेल तर जरूर सांगा.