शब्दचर्चा: वकिलाला सनद, मग शोधाला काय?

अर्धवट_अनुवाद
नमस्कार मंडळी. एका मासिकासाठी इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय. विषय आहे कंपनी सरकारच्या आणि पुढे राणी सरकारच्या काळातले दोन तऱ्हेचे अर्ज. एक, 'मला वकिली करू द्या' असे. दुसरे, 'मी यंत्र शोधलंय, त्यावरचा हक्क फक्त मला द्या' असे. दोन ठिकाणी गाडी अडलीय.

पहिलं, 'ॲडमिशन ऑफ प्लीडर्स'. 'वकिलांना प्रवेश' लिहिलं की दारावरची पाटी वाटते. 'नावनोंदणी' म्हटलं की आरोग्य शिबिर आठवतं. शेवटी 'वकिलीची सनद देण्याचे नियम' असं केलं.

दुसरं, १८५६ चा सहावा कायदा. आपल्याकडचा शोधांबद्दलचा पहिला कायदा हाच. यात शोधकाला मिळत होतं ते 'एक्स्क्लुझिव्ह प्रिव्हिलेज', चौदा वर्षांसाठी. १८५९ च्या कायद्यातही तेच शब्द. कायद्याच्या नावात 'पेटंट' आलं ते थेट १९११ साली. मग १८५६ च्या माणसाच्या तोंडी 'पेटंट' कसं घालू? तिथेही मी 'सनद' लिहिलं. माझे आजोबा दिवाणी कोर्टात बेलीफ होते. गावातल्या एका लोहाराबद्दल ते म्हणायचे, 'त्यानं रहाटाची सनद काढायला मुंबई गाठली होती.' मला पक्कं आठवतंय.

संपादकांनी लाल शाईने खोडून समासात लिहिलं: 'सनद माणसाला मिळते, यंत्राला नाही.' हे बरोबर आहे का? तुमच्या घरी कुणी सनद या अर्थाने वापरायचं का?

तारीख_पे_तारीख
बावीस वर्षं वकिली करतोय. संपादकांशी सहमत. आमच्याकडे सनद मिळते, अडकते, निलंबित होते आणि नशीब फिरलं तर जाते. पोरगा परीक्षा पास झाला की आई विचारते, 'सनद आली का?' नोंदणी झाली का, असं कुणीही विचारत नाही. बाबासाहेब १९२३ साली बॅरिस्टर होऊन आले तेव्हा सनद घ्यायला हातात पैसे नव्हते, मित्र नवल भथेनांनी मदत केली, हे आमच्या बार रूममधल्या प्रत्येक नव्या पोराला ऐकवलं जातं. या शब्दाला एक वजन आहे. ते रहाटाला कशाला देता?

मोडी_मोडकी
वजन आहे, पण वकिलांच्या बापजाद्यांचं नाही, काका. वकिलांनी तो शब्द उचलला त्याच्या कितीतरी आधीपासून गावच्या पाटलाकडे सनद होती. देशमुखीची सनद, इनामाची सनद, वतनाची सनद. मूळ अरबी. धातूचा अर्थ टेकणं, आधार घेणं. ज्याला टेकून माणूस 'हे माझं' म्हणू शकतो तो कागद म्हणजे सनद. जमिनीची असते, हुद्द्याची असते, मग यंत्राची का नको? आणि मुळात ती यंत्राला द्यायचीच नाही. लोहाराला द्यायची, रहाटाबद्दल. संपादकांचा मुद्दा तिथेच पडतो.

घटप्रभेकाठी
अवांतर: आमच्या गडहिंग्लज-बेळगाव पट्ट्यात 'सनदी' आडनावाची घरं किती आहेत बघा. शेतसनदी म्हणजे चाकरीच्या बदल्यात सरकारकडून जमीन कसणारे गावशिपाई. माझ्या वर्गात एक सनदी होता. मास्तर त्याला 'काय हो सनदी अधिकारी' म्हणायचे. त्याला वाटायचं कौतुक करतायत.

शुद्धमती
सनद, परवाना, मक्ता... सगळं यावनी सामान पाठीवर घेऊन मराठी चालवायची का? पेटंटला 'एकस्व' हा सुटसुटीत, अर्थवाही शब्द आहे. एकाचेच स्व ते एकस्व. 'एक्स्क्लुझिव्ह प्रिव्हिलेज' याचं यापेक्षा नेमकं रूप दाखवा. आविष्कारकर्त्याला एकस्व, वकिलाला अधिवक्ता-पत्र. प्रश्न संपला.

चहाटळ
'आविष्कारकर्ता' हिंदी झालं, ताई. मराठीत आविष्कार रंगमंचावर होतो.

शुद्धमती
मग तुम्ही सांगा. कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला, एडिसननेही दिव्याचा शोधच लावला. कायद्याला हा फरक जीवनमरणाचा आहे. आधीपासून असलेली गोष्ट सापडली तर त्यावर हक्क मिळत नाही, नवी घडवली तर मिळतो. मराठी दोन्हीला शोधच म्हणते. म्हणून नवे शब्द लागतात.

मोडी_मोडकी
मराठी 'लागला' आणि 'लावला' यात भागवते की! बेटाचा शोध लागतो, यंत्राचा लावावा लागतो.

शुद्धमती
कोलंबसानेही लावलाच, वर लिहिलंय बघा.

बिनधास्त_भाऊ
एकस्व हा शब्द मी आयुष्यात दोनदाच पाहिलाय. एकदा स्पर्धा परीक्षेच्या पेपरात, एकदा आत्ता. आमच्या वर्कशॉपात सगळे पेटंट म्हणतात. 'त्यानं पेटंट घेतलं', 'पेटंटला टाकलंय'. सासूबाईही म्हणतात, 'ही आमच्या वन्संची पेटंट आमटी.' शब्द रुळला की झालं.

तारीख_पे_तारीख
'पेटंट आमटी' वरून आठवलं. आपण 'पेटंट' कशाला म्हणतो? ज्याचं ठराविक आणि दुसऱ्याला न जमणारं, त्याला. वैद्यांच्या गुप्त काढ्यालाही. प्रत्यक्षात शब्द अगदी उलटा आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ उघडा. 'लेटर्स पेटंट' म्हणजे राजाचं उघडं पत्र. मोहोर खाली लोंबणारी, न फोडता वाचता येणारं, सगळ्या प्रजेला उद्देशून. शोधकाला हक्क मिळतो तोही कृती उघड लिहून दिल्याच्या बदल्यात. १८५६ च्या कायद्यात तर अर्जच असा करायचा होता की, गव्हर्नर जनरल साहेब, मला माझ्या यंत्राचं वर्णन दाखल करण्याची परवानगी द्या. आधी सांगण्याची परवानगी मागायची, मग हक्क!

आणि आता स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतो. मुंबई हायकोर्ट १८६२ ला उभं राहिलं ते राणीच्या लेटर्स पेटंटवर. ॲडव्होकेट, वकील, ॲटर्नी यांना दाखल करून घ्यायचा अधिकार कोर्टाला त्याच पत्राने दिला. आम्ही आजही 'लेटर्स पेटंट अपील' म्हणतो. म्हणजे वकिलाची सनद निघाली पेटंटातून. अर्धवट ताई, तुमच्या आजोबांना माझा नमस्कार कळवा.

अर्धवट_अनुवाद
आजोबा नाहीत आता, पण पोचला असं समजा. 'दाखल करून घेणे'! हेच तर मला हवं होतं. 'प्लीडर म्हणून दाखल करून घेण्याचे नियम'. कसं वाटतं?

लेकुरवाळी
दाखल म्हणजे दवाखान्यात.

मोडी_मोडकी
'हॉब्सन-जॉब्सन' हा एकोणिसाव्या शतकातला अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश उघडला. त्यात 'सनद'चा अर्थ देताना सरळ 'पेटंट' हा शब्द घातलाय, आणि वर असं की याला संस्कृत-हिंदी प्रतिशब्द 'शासन'. ताम्रशासन आठवा. राजाने दिलेलं दान, ताम्रपटावर कोरलेलं. शुद्धमती ताई, एकस्व कशाला घडवत बसता, 'शासन' घ्या. शोधाचं शासन.

बिनधास्त_भाऊ
'माझ्या पंपाला शासन झालं.' किती वर्षांचं? चौदा. कारागृह कोणतं?

शुद्धमती
थट्टा करा. पण एक व्यावहारिक मुद्दा कुणीच घेतला नाही. पेटंटधारक दुसऱ्याला ते यंत्र बनवायची मुभा देतो, त्याला परवाना म्हणतात. मूळ हक्कालाच कुणी परवाना, कुणी सनद, कुणी मक्ता म्हटलं तर करारात गोंधळ उडेल. मी करारांचे अनुवाद करते. एका करारात कुणीतरी दोन्हीला 'परवाना' लिहून ठेवलं होतं. तीन दिवस गेले माझे. एकस्व कोरं आहे, त्याला जुना वास नाही, म्हणून मला ते आवडतं. यावनी वगैरे बोलले ते मागे घेते.

तारीख_पे_तारीख
हा मुद्दा मात्र बिनतोड.

लेकुरवाळी
तुम्ही सगळे सनद कशाची यावर भांडताय. ती कुणाला, हे विचारा ना. १८७९ च्या वकिलांच्या कायद्यात 'पर्सन' असा शब्द होता. १९१६ साली रेजिना गुहा यांनी कलकत्ता हायकोर्टात अर्ज केला. कोर्ट म्हणालं, 'पर्सन'मध्ये बाई येत नाही. पुढे पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांनाही नकार. त्याच सुमारास, १९२१ ला, अलाहाबादने कॉर्नेलिया सोराबजींना घेतलं. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १९२३ चा कायदा आला तेव्हा बाई असणं ही अपात्रता राहिली नाही.

आता गंमत बघा. हा कायदा मराठीत असता तर 'पर्सन'ला शब्द आला असता 'व्यक्ती'. ती व्यक्ती! स्त्रीलिंगी. मग न्यायमूर्तींना बसून ठरवावं लागलं असतं की 'व्यक्ती'मध्ये पुरुष येतो का.

चहाटळ
शंभरातली एक कॉमेंट. अनुवाद असा हवा.

घटप्रभेकाठी
पण बाईला वकील झाल्यावर म्हणायचं काय? आमच्याकडे 'वकीलीणबाई' म्हणजे वकिलाची बायको. 'डॉक्टरीणबाई' तशीच. माझ्या आत्याने सनद घेतली तेव्हा गावात तिला 'वकीलसाहेब' म्हणायला लागले आणि तिच्या नवऱ्याला 'वकीलीणबाईंचे'. तो प्राथमिक शिक्षक होता बिचारा.

अर्धवट_अनुवाद
मंडळी, मजा येतेय, पण परवा लेख द्यायचाय. शोधाचा हक्क: सनद की पेटंट की एकस्व? कौल द्या.

जुना_बाजार
कौल द्यायच्या आधी एक. 'वकील' हाच शब्द मुळात कोर्टातला नाही. पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे, म्हणजे राजदूत. कोर्टाने तो पळवला. १७९३ च्या बंगालच्या नियमांप्रमाणे कंपनीच्या कोर्टात वकील व्हायला हिंदू किंवा मुसलमान असावं लागे. ती अट १८४६ च्या कायद्याने गेली. तेव्हा शब्दांनी हुद्दा बदलला तर फार मनाला लावून घेऊ नका.

मस्कतची_मावशी
थोडी उशिरा आले. इथे तेवीस वर्षं आहे. नवऱ्याच्या कंपनीच्या कागदांवर पेटंटला अरबीत 'बराअत इख्तिरा' लिहितात. इख्तिरा म्हणजे नवीन काढलेली वस्तू. बराअत म्हणजे मोकळीक, माफी, तसा कागद. तुर्कांच्या उस्मानी राज्यात १८७९ चा शोधांचा कायदा होता त्यातही 'बरात' हाच शब्द. (१८७९! तुमच्या वकिलांच्या कायद्याचंच साल.) आपल्या मराठी दप्तरात असा काही शब्द आहे का हो?

मोडी_मोडकी
मावशी, आहे! पाय कुठे आहेत तुमचे? पेशवे दप्तरात पानोपानी 'वरात' येते. 'अमक्या महालावर वरात दिली', म्हणजे तिथल्या वसुलातून पैसे घ्यायचा लेखी हुकूम. तोच अरबी-फारसी बरात. लग्नाच्या वरातीशी संबंध नाही, ती वरयात्रा.

मांडवीकार
गोव्यातून. आमच्याकडे 'आल्वारा' जमिनी असतात. पोर्तुगीज सरकारने लेखी पत्र देऊन कसायला दिलेल्या. कोर्टकचेऱ्या अजून चालू. पोर्तुगीज 'आल्वारा' हा अरबीतल्या 'अल-बराअत'वरूनच आला. म्हणजे तुमची वरात आणि आमचा आल्वारा सख्खे चुलत.

बिनधास्त_भाऊ
म्हणजे पेटंट = वरात? लोहाराने रहाटाची वरात काढली. आजोबांनी 'सनद काढली' म्हटलं होतं, 'काढली' तरी जुळलं.

शुद्धमती
शोधाची वरात. हे मात्र आवडलं. छापू नका.

तारीख_पे_तारीख
जमिनीला आल्वारा, वसुलाला वरात, वकिलाला सनद. म्हणजे राजाचा कागद हेच सगळ्यांचं मूळ. मग संपादकांनी सनद खोडायला नको होती. पण करारातला घोळ हा मुद्दा उरतोच. मी १८५६ पुरतं सनद आणि १९११ पासून पेटंट, असं म्हणेन.

शुद्धमती
एका लेखात दोन शब्द? वाचकाला वाटेल दोन गोष्टी आहेत.

तारीख_पे_तारीख
आहेतच दोन. १८५६ चा हक्क वर्षभरातच गेला होता. राणीची आगाऊ मंजुरी घेतली नव्हती म्हणून १८५७ ला कायदा रद्द, १८५९ ला पुन्हा नवा. बिचाऱ्या अर्जदारांची काय धावपळ झाली असेल.

चहाटळ
त्या पहिल्या अर्जदाराचं नाव काय? रहाटवाला नक्की नाही.

अर्धवट_अनुवाद
जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग, कलकत्त्याचा सिव्हिल इंजिनियर. १८५६ चाच अर्ज. यंत्र होतं पंखा ओढायचं. कचेऱ्यांत छताला कापडी पंखा टांगलेला असे, तो दोरीने ओढायला बाहेर माणूस बसे. त्या माणसाच्या जागी यंत्र. आता तिथेही अडलेय. त्या माणसाला लेखात नुसतं 'पंखेवाला' म्हटलंय, पण पंखेवाला म्हणजे आज दुकानदार वाटतो.

घटप्रभेकाठी
आमच्या जुन्या मामलेदार कचेरीत तसा पंखा लहानपणी पाहिलाय, बंद पडलेला. आजोबा म्हणायचे ओढणारा व्हरांड्यात बसून दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायचा आणि डुलक्या घ्यायचा. शब्द मात्र आठवत नाही. 'पंखाओढ्या' असेल?

लेकुरवाळी
पंखाओढ्या कुठेच ऐकला नाही. आमच्या विदर्भात 'पंखाकुली' म्हणत, आजी सांगायची.

मोडी_मोडकी
पंखाकुली इंग्रजांचा शब्द, आपला नव्हे. 'फराश' बघा बरं. पण फराश बिछायतीवाला...