शब्दचर्चा : ‘राज्यांचे हक्क’

प्रश्न : अमेरिकेतील यादवी युद्धावरील मराठी लेखनात ‘राज्यांचे हक्क’ हा शब्दप्रयोग दक्षिणेच्या (गुलामगिरी असलेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या) भूमिकेचा पर्याय म्हणून येतो. हा अर्थ ग्राह्य आहे का?

उत्तर : माझ्या मते नाही. या शब्दप्रयोगाचा आधार गुलामगिरीच्या बाजूने आणि विरोधात, दोन्हीकडून घेतला गेला. 1832 मध्ये साउथ कॅरोलिना या दक्षिणेतील राज्याने संघाचा (म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय सत्तेचा) जकात कायदा आपल्या हद्दीत निरर्थक ठरवला, तेव्हा हा शब्दप्रयोग दक्षिणेच्या तोंडी होता. मात्र 1850 च्या पलायित गुलाम कायद्याने पळून आलेल्या माणसाला धरून देण्याची सक्ती उत्तरेतील नागरिकांवरही केली. त्याला ज्यूरीसमोर बाजू मांडू दिली नाही. आणि अशा प्रकरणांचा निवाडा करणाऱ्या आयुक्ताने त्याला मालकाच्या हवाली केले तर दहा डॉलर, सोडले तर पाच, असा मेहनताना ठरवून दिला. (न्यायदानाची ही दरपत्रिका मुद्दाम लक्षात ठेवावी.) त्यानंतर राज्याच्या अधिकाराची ढाल उत्तरेने उचलली. गुलामगिरी असलेल्या मिझुरी राज्यातून पळालेल्या जोशुआ ग्लोव्हर या गुलामाला 1854 मध्ये उत्तरेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीच्या तुरुंगातून जमावाने सोडवले, त्या प्रकरणी पकडलेल्या शर्मन बूथ या संपादकाला विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने मुक्त केले आणि संघाचा हा कायदाच घटनाबाह्य ठरवला. 1859 मध्ये संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, तेव्हा निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश टॅनी हेच दोन वर्षांपूर्वीच्या, कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारणाऱ्या ड्रेड स्कॉट निकालाचेही लेखक होते.

शंका : तरीही दक्षिण फुटली ती राज्यांच्या हक्कासाठीच ना?

उत्तर : संघातून बाहेर पडण्याचा हक्क राज्याला आहे, असा साउथ कॅरोलिनाचा दावा होताच, पण डिसेंबर 1860 च्या जाहीरनाम्यात बाहेर पडण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत उत्तरेतील राज्ये आपापले कायदे करून पलायित गुलाम परत देत नाहीत, ही मुख्य तक्रार आहे. न्यूयॉर्कमधून गुलाम सोबत घेऊन नुसते जाऊही देत नाहीत, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे गाऱ्हाणे राज्यांनी अधिकार वापरल्याचे होते. पुढे फुटलेल्या राज्यांनी स्थापलेल्या दक्षिणी महासंघाच्या 1861 च्या घटनेने कृष्णवर्णीय गुलामांवरील मालकीहक्काला बाध आणणारा कायदा करण्यास महासंघाच्या विधिमंडळाला मनाई केली, आणि महासंघात येणाऱ्या नव्या प्रदेशांतही गुलामगिरीला संरक्षण दिले. ती नको म्हणण्याची मुभा त्या प्रदेशांना ठेवली नाही.

म्हणून या शब्दप्रयोगाच्या नोंदीत ‘राज्यांचे हक्क : संघसत्तेविरुद्ध राज्यांनी सांगितलेला अधिकार’ एवढाच अर्थ द्यावा, आणि दक्षिणेच्या भूमिकेसाठी ‘गुलामगिरीचे समर्थन’ असे सरळ लिहावे.