लॅपटॉपवर डीजे शिकतोय, टर्नटेबलशिवाय खरंच चालत नाही का? (नाशिक)

सिडकोचा_पोऱ्या

नमस्कार मंडळी. सिडकोत राहतो, केटीएचएमला शेवटच्या वर्षाला आहे. बरेच दिवस लॅपटॉपवर व्हर्च्युअल डीजे हे गाणी मिक्स करायचं सॉफ्टवेअर चालवतोय, तेही नुसत्या माउस-कीबोर्डवर. मित्रांचे वाढदिवस, सोसायटीचा गरबा, नुकतीच आतेबहिणीची हळद. लोक नाचतात, कुणी तक्रार केली नाही.

परवा पुण्याचा मावसभाऊ आला होता. त्याची तिकडच्या क्लबवाल्यांत ऊठबस असते. माझं बघून म्हणाला, "हे डीजेइंग नाही, प्लेलिस्ट आहे. सिंक दाबल्यावर माकडसुद्धा मिक्स करेल. आधी रेकॉर्डवर शिक, मग बोल." (सिंक म्हणजे दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं बटण.) तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय.

सुट्टीत अंबडला काम करून 40 हजार साठवलेत. मुंबईत एकजण टेक्निक्स कंपनीच्या जुन्या टर्नटेबलची (रेकॉर्ड फिरवायचं यंत्र) जोडी विकतोय, पण ती माझ्या आवाक्याबाहेर आहे आणि मिक्सर, सुया, रेकॉर्ड सगळं वेगळं. बाबांचं म्हणणं, एवढ्या पैशात सेकंडहँड गाडी घे. तर खरं सांगा, टर्नटेबलसाठी अजून थांबू की लॅपटॉपवरच पुढे जाऊ? आणि सिंक वापरणं खरंच चीटिंग आहे का?

स्क्रॅच_पंचवटी

मावसभाऊ कडवट बोलला, पण अगदीच चुकीचं नाही बोलला. टेक्निक्सचं एसएल-1200 आलं 1972 साली, घरी बसून गाणी ऐकणाऱ्यांसाठी. 1979 च्या एमके2 मॉडेलला सरकवून वेग कमी-जास्त करायचा पिच आला आणि डीजेंनी ते उचललं ते उचललंच. त्यात पट्टा नाही, मोटर थेट तबकडीखाली. रेकॉर्ड हाताने अडवून सोडली की लगेच वेग पकडते. स्क्रॅचिंगचा, म्हणजे रेकॉर्ड हाताने मागेपुढे घासून आवाज काढायचा, सगळा खेळ त्यावर आहे. कंट्रोलर म्हणजे लॅपटॉपला जोडायची चाकं-बटणांची पेटी, तिच्या त्या छोट्या प्लास्टिकच्या चाकावर ती मजा नाही भो.

आणि एक, "लॅपटॉप की टर्नटेबल" असं भांडण लावायची गरजच नाही. दोन्ही जोडता येतात. 2004 पासून सेराटो ह्या डीजे सॉफ्टवेअरची टाइमकोडवाली रेकॉर्ड मिळते. तिच्यात गाणं नसतं, एक सूर असतो, 1 किलोहर्ट्झचा. सुई तो वाचते आणि लॅपटॉपला कळतं की रेकॉर्ड किती वेगाने, कुठल्या दिशेला फिरतेय. गाणं लॅपटॉपमधलं, हात रेकॉर्डवर. माझ्याकडे हेच आहे. पैसे साठव, थोडा थांब.

जुना_कॅसेटवाला

नाशिकरोडहून लिहितोय. सिडकोच्या पोरा, थांबू नकोस.

पहिलं म्हणजे "पारंपरिक टर्नटेबल" ही परंपरा कुणाची ते बघ. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये 1973 च्या सुमारास कूल हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावल्या आणि गाण्यातला फक्त वाद्यांचा, नाचायचा तुकडा आलटून पालटून लांबवत नेला. तिथून ही विद्या वाढली. त्या लोकांकडे रेकॉर्ड होत्या, त्यांनी रेकॉर्ड वापरल्या. आपल्याकडे लग्नात लाउडस्पीकरवाला एकच प्लेयर घेऊन यायचा. एक रेकॉर्ड संपली की दुसरी, मध्ये सुईची खरखर आणि "वरपक्षाच्या मंडळींनी जेवायला बसून घ्यावे" अशी अनाउन्समेंट. दोन रेकॉर्ड जोडून मिक्स करताना मी नाशकात कुणाला पाहिलं नाही. आमची पिढी कॅसेटवर शिकली. दोन डेक, पुढचं गाणं आधीच कानाला लावून बघायचं, पेन्सिल घालून रीळ पहिल्या ठोक्यापर्यंत मागे आणायचं आणि अंगठा पॉजवर ठेवून वाट बघायची. नंतर सीडी आल्या, मग लॅपटॉप. व्हिनाइल (रेकॉर्ड) आपल्या वाटेत कधी आलंच नाही, मग ते न शिकल्याचा कमीपणा कसला?

आता सिंकबद्दल. चीटिंगबिटिंग काही नाही, पण सिंक कुठे तोंडावर पडतं ते ऐक. आजची गाणी क्लिकवर (कानात एकसारखी टिकटिक लावून) रेकॉर्ड होतात, मिनिटाला 120 ठोके म्हणजे शेवटपर्यंत 120. साठ-सत्तरच्या दशकातली फिल्मी गाणी, लावण्या, जुनी कोळीगीतं घे. समोर माणसं बसून वाजवत होती. अंतऱ्याला ढोलकीवाला रंगात आला की लय थोडी पुढे सरकायची, मुखड्याला परत जागेवर. सॉफ्टवेअर अशा गाण्यावर सारख्या अंतराच्या ठोक्यांची सरळ जाळी टाकतं आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत ती जाळी एकीकडे, ठोका दुसरीकडे. वर सहाच्या चालीतलं गाणं दिलं, काही गोंधळगीतं असतात तसं, की चारच्या हिशेबाने मोजून दीडपट नाहीतर भलताच आकडा दाखवतं. हळदीला याच गाण्यांची फर्माईश येते. सटाणा-मालेगावकडचे पाहुणे असले की अहिराणी गाण्यांचा धडाका, त्यातली निम्मी कुणीतरी व्हॉट्सॅपवर पाठवलेली. सिंकच्या भरवशावर बसलास तर तिथेच फसशील.

म्हणून कान तयार कर. एक गाणं 120 वर, दुसरं 121 वर असेल तर अर्ध्या मिनिटात अर्धा ठोका सरकतो, म्हणजे एकाचा "धा" पडतो तिथे दुसऱ्याची जागा रिकामी. हे कानाला कळलं पाहिजे, स्क्रीनला नाही. मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांच्या लॅपटॉपवर आवाजाच्या लाटा दिसतात तेवढ्या भागावर कागद चिकटवतो, सिंक बंद करतो आणि तासभर दोनच गाणी जुळवायला लावतो. रडकुंडीला येतात. पण महिन्याभरात मान आपोआप हलायला लागते.

लॅपटॉपचा मला मोठा फायदा वाटतो तो पट्टीचा. रेकॉर्डचा वेग वाढवला की सूरही चढतो. साधारण 6 टक्के वाढवला की गाणं अर्धा स्वर वर, काळी एकचं पांढरी दोनला. गायिकेचा आवाज बारीक होतो आणि ऑर्केस्ट्रात पेटी वाजवलेल्या माझ्यासारख्याच्या अंगावर काटा येतो. सॉफ्टवेअरमध्ये की-लॉक दाबलं की वेग बदलतो, पट्टी जागेवर राहते. थोड्या टक्क्यांपर्यंत मस्त. फार ताणलंस तर ढोलकी पत्र्यासारखी वाजते, तेवढं जप.

आणि सुईवाल्या मित्रांनो, राग मानू नका. औरंगाबाद रोडच्या एखाद्या लॉनवर लाकडी फळ्यांचं स्टेज, त्यावर नवऱ्याचे चाळीस मित्र उड्या मारतायत, बाजूला दोन-दोन बेसचे स्पीकर. ठेवून दाखवा तिथे टर्नटेबल. सुई उडते ती वेगळीच, बेसचा हादरा सुईतून परत शिरतो आणि स्पीकर हंबरायला लागतो ते वेगळं. वर धूळ आणि हळद. (हळद खरंच. कंट्रोलरच्या फेडरमध्ये गेलेली हळद ब्रशने काढायला बसा एकदा.)

पैशाचं सांगतो. तुझ्या सेटअपमध्ये खरी अडचण हेडफोनची आहे. लॅपटॉपला आवाजाचं एकच भोक, जे तुला ऐकू येतं तेच पब्लिकला. पुढचं गाणं आधी ऐकायची सोयच नाही, मग तू जुळवणार कसं? ज्याच्यात साउंडकार्ड आत आहे असा दोन चॅनेलचा कंट्रोलर घे. एफएलएक्स4 सारखा चालेल, रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो दोन्ही सॉफ्टवेअर चालतात त्याच्यावर. उरलेल्या पैशात कान पूर्ण झाकणारे वायरचे हेडफोन घे. ब्लूटूथचे नकोत, आवाज उशिरा पोचतो. गाडी नंतर घे, चार सुपाऱ्यांत निघेल.

साऊंडवाली_इंदिरानगर

मी साऊंड ऑपरेट करते, डीजे नाही, त्यामुळे वाद तुम्ही मिटवा. लॅपटॉपवाल्यांचं माझ्या टेबलवर रोज जे बघते तेवढं सांगते.

कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये बफर असतो, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी साठवायचा तुकडा. 512 नमुन्यांचा ठेवला तर सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या रेटला जवळपास 12 मिलिसेकंदांचा उशीर, 128 ला 3 च्या आत. कमी ठेवला की हात आणि आवाज एकत्र येतात, पण लॅपटॉप दमतो आणि कटकट आवाज सुटतो. घरी आधी कमी करून बघ, कटकट सुरू झाली की एक पायरी वर चढ आणि तिथेच सोड. कार्यक्रमाला वायफाय बंद, विंडोजचं अपडेट आधीच उरकलेलं, पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी झोपायची परवानगी काढलेली. हब मध्ये घालू नकोस, वायर थेट लॅपटॉपला.

चार्जर लावला की स्पीकरमधून घुंई येते, तो अर्थिंगचा लूप. त्याला आयसोलेटर मिळतो, एमजी रोडला विचार. काही पोरं प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. जनरेटरवर चाललेल्या ओल्या लॉनमध्ये ते करणाऱ्याला मी स्टेजवर चढू देत नाही.

गाणी यूट्यूबवरून उतरवलेली आणू नकोस. घरच्या स्पीकरवर कळत नाही, माझ्या सिस्टिमवर झांज वाळू पडल्यासारखी ऐकू येते. विकत घे, 320 केबीपीएसची एमपी3 किंवा फ्लॅक.

आणि रात्री 10 म्हणजे 10. ध्वनिप्रदूषणाचा नियम 2000 सालचा आहे, 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर बंद. मास्टर (मुख्य आवाज) मी खाली घेतला की "ताई, शेवटचं एक" करत यायचं नाही. शेवटचं गाणं पावणेदहाला लाव.

स्क्रॅच_पंचवटी

@जुना_कॅसेटवाला काका, लॉनवरचं मान्य. माझा सेट मीही घरीच ठेवतो. पण ह्या पोराला स्क्रॅच शिकायचं असेल तर कधीतरी माझ्याकडे येऊन हात लावून जा म्हणावं, फुकट आहे.

सिडकोचा_पोऱ्या

सगळ्यांना खूप धन्यवाद. हेडफोनचं कुणी सांगितलंच नव्हतं, मी आतापर्यंत अंदाजपंचे लावत होतो. कंट्रोलरच घेतो.

काका, अजून एक. पुढच्या हळदीला संबळवाले पण बोलावलेत आणि नवरीच्या मामांची अट आहे की डीजे आणि संबळ एकत्र वाजलं पाहिजे. हे सॉफ्टवेअरमध्ये कसं करायचं?

जुना_कॅसेटवाला

सॉफ्टवेअरमध्ये नाही करायचं, त्यांच्याशी आधी बोलायचं. संबळवाल्यांना गाठ, चहा पाज, कुठली चाल वाजवणार ते विचार आणि मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करून घे. त्यांची लय मोजून त्याच्या आसपासची पाच-सहा गाणी काढून ठेव. गाण्यापेक्षा नुसती बीट असलेले तुकडे बरे, गायकाच्या मध्ये संबळ आला की दोघांचाही कचरा होतो.

वाजवताना ते तुझ्यामागे येणार नाहीत, तू त्यांच्यामागे जायचं. नोटा उडायला लागल्या की ते हमखास वाढवतात. तेव्हा सिंक बंद, की-लॉक चालू, एक बोट पिचच्या फेडरवर. ते पुढे गेले की फेडर केसभर सरकव, ठोका मागे राहिला असेल तर जॉगव्हीलला (कंट्रोलरच्या चाकाला) कडेने हलका धक्का दे, पकडलं की हात काढ. सतत चाळवत बसू नकोस. त्यांचा माणूस तुला दिसेल असा उभा कर, कारण चाल बदलायच्या आधी मोठा संबळवाला मान वर करून जोडीदाराकडे बघतो, तीच तुझी खूण. आणि त्यांना स्टेजवर तुझा आवाज ऐकू येईल असा एक स्पीकर त्यांच्याकडे वळवायला साऊंडवाल्याला सांग, नाहीतर तुम्ही दोघं दोन गावांना जाल.

घाबरू नको. मामांना फक्त दणका पाहिजे असतो.

साऊंडवाली_इंदिरानगर

संबळला माइक दोन लागतील, दोन्ही बाजूंचा आवाज वेगळा असतो. ऑर्डर देताना लिहून दे, ऐनवेळी मागू नकोस.

सिडकोचा_पोऱ्या

नोंद केली ताई. काका, कंट्रोलर आला की रविवारी नाशिकरोडला येऊ का?

जुना_कॅसेटवाला

रविवारी कुणाची तरी हळद असते रे. मंगळवारी ये, कागद आणि चिकटपट्टी मी देतो.