शब्दचर्चा : ‘सामाजिक उद्योजकता’ आणि ‘डिग्निटी’

पृच्छा (तासगाव) :
बेदाणा निवडणाऱ्या महिलांच्या बचत गटासाठी मी एक छोटी पुस्तिका मराठीत उतरवीत आहे. ‘सोशल आंत्रप्रेन्युअरशिप’साठी ‘सामाजिक उद्योजकता’ आणि ‘डिग्निटी’साठी ‘प्रतिष्ठा’ हे शब्द मी योजले होते. मसुदा वाचून दाखवला तेव्हा गटातील एक मावशी म्हणाल्या, “प्रतिष्ठा आमच्यासारख्यांना कुठली? ती सरपंचाला असते.” राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ असाच प्रयोग असल्याने शब्द चुकीचा म्हणता येत नाही, पण मावशींचे म्हणणेही मनातून जात नाही. कृपया पर्याय सुचवावा.

प्रतिसाद (सातारा) :
मावशींचा कान अचूक आहे. ‘प्रतिष्ठित नागरिक’ किंवा ‘प्रतिष्ठेची लढत’ यांतली प्रतिष्ठा काहींना असते आणि बाकीच्यांना नसते, म्हणूनच तिला मोल असते; घटनेतील प्रतिष्ठा मात्र प्रत्येकाची आहे. एकाच शब्दाने दोन्ही अर्थ वाहायचे म्हटले की रोजच्या वापरातला अर्थ जिंकतो.

‘सामाजिक उद्योजकता’ची अडचण निराळी. ‘उद्योग’ म्हणजे मुळात खटपट, प्रयत्न. ‘नसते उद्योग’ या प्रयोगात तो अर्थ अजून जिवंत आहे. ‘उद्योजक’ म्हटले की मात्र एमआयडीसीतील कारखानदार दिसतो, आणि ‘सामाजिक’ म्हटले की रक्तदान शिबिर. दोन्ही जोडले की नफ्यातून दानधर्म करणारा गृहस्थ उभा राहतो. वास्तविक कल्पना अशी आहे की धंद्यानेच प्रश्न सुटावा आणि उरलेला पैसा पुन्हा त्याच कामात जावा.

‘डिग्निटी’साठी मी ‘पत’ सुचवीन. बाजारातील विश्वास आणि माणसाचा मान हे दोन्ही अर्थ या एका शब्दात पूर्वीपासून नांदतात : ‘पतपेढी’ही आहे आणि ‘पत राखली’ही आहे. ‘ऐपत’ खिशात काय आहे ते सांगते, ‘पत’ लोक तुमच्यावर किती भरवसा ठेवतात ते सांगते. आणि गरिबीतून बाहेर पडताना ऐपतीच्या आधी पत लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला तेव्हा तुरुंगातून सुटून आलेल्यांना रात्रपाळीच्या पहाऱ्यावर नेमले, ही पत देण्याचीच गोष्ट होय. माण तालुक्यात म्हसवडला चेतना गाला-सिन्हा यांच्या पुढाकाराने महिलांनी सहकारी बँक काढायचे ठरवले, तेव्हा प्रवर्तक निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. त्या बायका अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि ‘आम्ही व्याजाचा हिशेब तोंडी करतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी यंत्राविना करून दाखवावा’ असे त्यांनी सांगितले. 1997 साली ‘माणदेशी महिला सहकारी बँक’ सुरू झाली. त्या दिवशी बायकांना जे मिळाले, त्याला ‘प्रतिष्ठा’पेक्षा ‘पत’ हे नाव अधिक शोभते.

प्रतिसाद (कराड) :
‘पत’ सुंदर शब्द आहे, पण ताई, एक धोका लक्षात घ्यावा. पत देणाऱ्याच्या हाती असते आणि हप्ता चुकला की ती जाते. माणसाचे माणूसपण हप्त्यावर टांगलेले नसावे. आपल्या भागात कर्जासाठीच दुसरा शब्द आहे, ‘उचल’. ऊसतोडीला येणारे जोडपे, ज्याला ‘कोयता’च म्हणतात, मुकादमाकडून उचल घेते आणि ती फिटेपर्यंत त्याच्याशी बांधले जाते. बांगलादेशातील जोब्रा गावात 1976 साली अर्थतज्ज्ञ मुहम्मद युनूस (पुढे ग्रामीण बँकेचे संस्थापक) यांना भेटलेल्या, बांबूची बैठी स्टुले विणणाऱ्या बाईची गत हीच होती : बांबूसाठी पैसे व्यापाऱ्याचे, म्हणून स्टूलही त्यालाच आणि त्याने ठरवलेल्या भावानेच विकायचे. अशा 42 जणांचे मिळून कर्ज होते अवघे 27 डॉलर. तेव्हा पुस्तिकेत नुसते ‘कर्ज मिळाले, पत वाढली’ असे लिहू नये. माल कोणाला विकायचा हे ठरवण्याची मोकळीक मिळाली का, ते लिहावे. (‘पतसंस्था’ हा शब्द ऐकून ठेवी बुडालेल्यांना काय आठवते, तो विषय वेगळा.)

पृच्छकाचे उत्तर (तासगाव) :
दोघांचेही आभार. शीर्षकात ‘सामाजिक उद्योजकता’ राहू देते, कारण अनुदानाचे अर्ज त्याच नावाने निघतात. आत मात्र जे प्रत्येकीचे जन्मतः आहे त्याला ‘मान’ आणि जे व्यवहारातून कमवायचे त्याला ‘पत’, असे दोन शब्द वेगळे ठेवीन. काल हा भेद गटात सांगितला, तेव्हा मावशींनी स्वतःच वाक्य जुळवून दिले : “शेडवर रोजगाराला जात होतो तेव्हा निवडलेला बेदाणा मालकाचा होता, आता पेटीवर आमच्या गटाचं नाव आहे, आणि व्यापारी भाव विचारायला आमच्याकडं येतो.” हे वाक्य पहिल्या पानावर आहे तसेच घेत आहे.

आणखी एक शंका उरली आहे. मूळ मजकुरातील ‘बेनिफिशिअरी’साठी सगळीकडे ‘लाभार्थी’ छापतात. स्वतःच्या भांडवलाने धंदा करणाऱ्या बाईला लाभाची याचना करणारी म्हणणे मला पटत नाही. ‘सभासद’ चालेल का?